पाणी कुठून आलं, बाई?

पाणलोट क्षेत्राची व्याख्या मी कित्येक वर्षं शिकवत आलेय. ‘ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी वाहत येऊन एका प्रवाहाला मिळते, तो त्या प्रवाहाचा पाणलोट.’ मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. उदाहरण नेहमी गोदावरीचं, नाहीतर कृष्णेचं.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. नंतर शाळा भरली तेव्हा ओढ्याकाठी राहणारी सहावीतली एक मुलगी रिकाम्या हातांनी आली. दप्तर वाहून गेलं होतं. तिने विचारलं, “बाई, एवढं पाणी आलं कुठून?” व्याख्या पाठ असूनही मला चटकन सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओढाच काढला. कात्रजच्या डोंगरात उगम, मग कात्रजची तळी, धनकवडी, पद्मावती, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल आणि शेवटी मुठा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्याचं पाणी भुयारी नळातून शहरातल्या हौदांत आणलं होतं. पुण्याला पाणी पाजणाऱ्या या ओढ्याला आपण आता ‘नाला’ म्हणतो.

मग मुलांचे डबे टेबलावर उपडे ठेवून त्यांवर जुना टॉवेल पसरला. हे आपले डोंगर. तांब्याभर पाणी ओतलं. बरंचसं टॉवेलात मुरलं, थोडंसंच खाली आलं. नंतर वरून प्लॅस्टिक अंथरलं. हे रस्ते, इमारती, पार्किंग. तेवढंच पाणी ओतलं, तर क्षणात घळीत धावलं आणि पहिल्या बाकावर सांडलं.

ती मुलगी म्हणाली, “म्हणजे ते सगळं पाणी आमच्या वस्तीत पडलेलं नव्हतंच!”

माझा धडा तिने एका वाक्यात संपवला. वरच्या अंगाला आपण जमिनीचं जे करतो, ते खालच्या अंगाच्या घरात शिरतं.

“आणि डोंगरापलीकडचं पाणी?” एकाने विचारलं. कात्रज घाटापलीकडचं शिवगंगेत, तिथून गुंजवणीत, मग नीरेत. अलीकडचं मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत. घाटमाथ्यावर वेगळे झालेले दोन थेंब थेट नीरा नरसिंहपूरच्या संगमावर भेटतात. वर्गात अगदी शांतता होती.

यंदा हा पाठ घेताना सुरुवात एवढ्याच प्रश्नाने करून बघा: आपल्या शाळेच्या पत्र्यावरचं पाणी कुठे जातं? पालकांनो, घरीही विचारा. उत्तर शोधायला मात्र मुलांबरोबर बाहेर पडावं लागेल.