रिमूव्ह आणि पर्ज

डेबियन लिनक्सवर वेब सर्व्हर टाकणं हे एका ओळीचं काम. 'ॲप्ट इन्स्टॉल अपाचे२' म्हणायचं, बस्स. लागणारी बाकीची पॅकेजेस ॲप्ट स्वतःच शोधून आणतं आणि सर्व्हर सुरूही करून देतं.

काढायचे रस्ते मात्र दोन. 'रिमूव्ह' म्हटलं की प्रोग्रॅम जातो, पण सेटिंग्जच्या फायली 'ईटीसी' डिरेक्टरीत तशाच राहतात. 'पर्ज' म्हटलं की त्याही जातात. रिमूव्हनंतर 'डीपीकेजी -एल'ची यादी बघा, पॅकेजच्या नावाआधी 'आरसी' दिसेल. म्हणजे पॅकेज काढलंय, कॉन्फिग शिल्लक आहे.

गेल्या महिन्यात एका क्लायंटचा सर्व्हर अपाचेवरून एन्जिनएक्सवर न्यायचा होता. मॅनेजर म्हणाले, "जुनं सगळं साफ करून टाक रे." अपाचेची फाईल उघडली तर आत ढीगभर रीडायरेक्ट! आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हॅश टाकून कारण लिहिलेलं : हा जुना पत्ता कशासाठी जपलाय, कोण अजून वापरतं. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. दुसरं डॉक्युमेंट वगैरे काही नाही. होतं ते एवढंच.

मी नुसतं रिमूव्ह केलं. मग एकेक नियम वाचत, त्याच्या कारणासकट, एन्जिनएक्समध्ये उतरवला. सगळे पत्ते तपासले, जुन्या फायलींची प्रत ठेवली आणि त्यानंतरच पर्ज.

प्रोग्रॅम काय, रिपॉझिटरीतून दोन मिनिटांत परत येतो. माणसानं त्यावर चालवलेलं डोकं कुठल्याच रिपॉझिटरीत नसतं. हा फरक ओळखून दोन वेगळ्या कमांड ठेवणाऱ्यांचं मला भारी कौतुक वाटतं.