पातेलेभर बर्फ

बर्फासाठी रोजच्या मराठीत शब्द जवळजवळ एकच आहे. गोळेवाला किसतो ती लादीही बर्फ, मासळीच्या पाटीत पसरतात तो चुराही बर्फ, आणि आकाशातून उतरतो तोही बर्फच. ‘हिम’ हा शब्द आहे खरा. पण तो कवितेत आणि भूगोलाच्या पुस्तकात राहतो, स्वयंपाकघरात येत नाही. उलट पावसाकडे पाहा: भुरभुर, रिपरिप, झड, सर, वळीव, मुसळधार. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारलेत, तर या यादीत तुम्हांला आणखी चार-सहा शब्दांची भर घालता येईल.

२०२२ च्या डिसेंबरात माझ्या सासूबाई आमच्याकडे बफेलोला आल्या होत्या. बफेलो हे अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातले, पार पश्चिमेकडचे शहर. नायगाऱ्याचा धबधबा तेथून अर्ध्या तासाच्या वाटेवर. सासूबाईंचा जन्म, लग्न, संसार सारे माणदेशातले, दहिवडीच्या परिसरातले. सह्याद्री ओलांडेपर्यंत ढग रिते होतात आणि पुढे उरते ती पर्जन्यछाया; त्या छायेत त्यांचे एकाहत्तर वर्षांचे आयुष्य गेले. १९७२ च्या दुष्काळात, नव्याने लग्न होऊन आलेल्या असताना, त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. पाण्याच्या बाबतीत त्यांचा हिशेब आजही तांब्यांत चालतो.

बफेलोचे संकट तळ्यातून येते, हे आधी सांगायला हवे. एरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरलेले आहे आणि शहर नेमके त्याच्या पूर्व टोकाशी आहे. हिवाळ्याच्या आरंभी सरोवर गोठलेले नसते. त्याच्या मानाने ऊबदार असलेल्या पाण्यावरून अतिथंड वारा लांबच्या लांब वाहत आला की वाटेत बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फाच्या रूपाने ओततो. एकदा सरोवर गोठले की हा पुरवठा सहसा आटतो. तरी १९७७ च्या जानेवारीतले कुप्रसिद्ध वादळ आले ते गोठलेल्या सरोवरावरूनच. बर्फावर आधीच साठलेला भुसभुशीत हिमाचा थर वाऱ्याने उचलून शहरावर लोटला होता.

२३ डिसेंबर, शुक्रवार. पहाटे पाऊस होता. सकाळी पारा असा कोसळला की काही तासांत तो शून्याखाली दहा अंशांच्याही पलीकडे गेला. साडेनऊला वाहने रस्त्यावर आणण्यास बंदी झाली. माझे पती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतात. ते पहाटेच गेले होते. त्यांच्या जागी येणारा माणूस येऊ शकणार नव्हता, म्हणजे ते परतू शकणार नव्हते. घरात आम्ही तिघी उरलो: मी, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी.

खिडकीबाहेर समोरचे घर दिसेना, मग आमच्याच अंगणातले झाड दिसेना. सासूबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. ‘‘आधी रवा पडत होता गं, आता पीठ पडाया लागलंय,’’ त्या म्हणाल्या. मुलीला हा खेळच मिळाला. दुपारपर्यंत आजी-नातीने मिळून रवा, पीठ, साबुदाणा आणि पिंजलेला कापूस अशी बर्फाची वर्गवारी करून टाकली. हवामान खात्याच्या परिभाषेपेक्षा ती मला अधिक अचूक वाटली. रव्याचा बर्फ काचेवर वाजतो. पिठाचा वाजत नाही, तो फटींतून आत येतो.

संध्याकाळी वीज गेली. आता तुम्ही विचाराल, गॅस होता ना? होता. परंतु येथील घरे तापवणारी भट्टी गॅसवर जळत असली तरी गरम हवा खोल्यांत पोहोचवणारा पंखा विजेवर चालतो. वीज नाही म्हणजे ऊब नाही. शेगडी मात्र काडीने पेटवता येत होती. त्यावर स्वयंपाक करायचा, पण खोली तापवण्यासाठी ती पेटती ठेवायची नाही. बंद घरात कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला रंग नाही की वास नाही.

दुसरी भीती नळांची. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. पाइपात एके ठिकाणी बर्फ धरला आणि नळ बंद असला, तर मध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप फुटतो. म्हणून अशा रात्री नळ बारीक धारेने वाहता ठेवतात. मी तो तसा सोडला आणि झोपायची तयारी करायला गेले. परत येते तो नळ बंद.

‘‘आई, नळ चालूच ठेवायचाय.’’

‘‘रातभर? पानी तसंच वाहू द्यायचं व्हय?’’

मी कारण समजावले. त्यांनी ते शांतपणे ऐकले. त्यांना ते पटलेही. मग त्यांनी धारेखाली एक पातेले ठेवले. ते भरले की दुसरे. डबे, कढया, मुलीची वाळूत खेळायची बादली, सारे एकामागून एक भरत गेले. नळ त्यांनी पुन्हा बंद केला नाही, पण एक थेंब वायाही जाऊ दिला नाही. मेणबत्तीच्या उजेडात, दोन स्वेटरांवर माझा कोट चढवून, त्या स्टुलावर बसून राहिल्या. माणदेशात टँकरची वाट पाहताना अशाच बसत असतील, असे मला वाटले.

शनिवारी सकाळी मुलीने पुढचे दार आत ओढले, तर समोर पांढरी भिंत उभी. दारावरची नक्षी तिच्यावर उलटी उमटलेली होती. सासूबाईंनी त्या भिंतीतून पातेलेभर बर्फ खरवडून शेगडीवर ठेवला. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात, वितळल्यावर, जेमतेम तीन बोटे पाणी उरले. त्या बराच वेळ आत बघत राहिल्या.

‘‘येवढंच व्हय?’’

मोकळा बर्फ दहा इंच पडला तर त्याचे पाणी साधारण एक इंच होते. त्या दिवसांत बफेलोच्या विमानतळावर ५१.९ इंच बर्फाची नोंद झाली. म्हणजे सुमारे पाच इंच पाऊस. एवढ्या पावसाने माणची पेरणी साधली असती, एवढेच त्या म्हणाल्या.

शनिवारची रात्र कठीण गेली. घरात सात अंश तापमान होते. दारांच्या फटींत टॉवेल कोंबून आम्ही तिघी एकाच पलंगावर, सासूबाईंनीच शिवून आणलेल्या गोधडीखाली झोपलो. मध्यरात्रीनंतर मी त्यांचा हात हातात घेतला, तर तो गार होता आणि त्या प्रश्नाला उशिरा उत्तर देत होत्या. मदतीचा क्रमांक मला पाठ होता. पण अग्निशामक गाड्या आणि बर्फ उपसणारी यंत्रेसुद्धा रस्त्यात रुतली आहेत, हे दुपारीच कळले होते. या वादळात एरी काउंटीत चाळीसहून अधिक माणसे दगावली. काही गाड्यांमध्ये, काही रस्त्यावर, काही स्वतःच्या गारठलेल्या घरांत. आकडा नंतर समजला. त्या रात्री केवळ एवढेच ठाऊक होते की कोणी येणार नाही. मी उठून चहा केला, गूळ घालून. बाटल्यांत गरम पाणी भरून, कापडात गुंडाळून त्यांच्या काखेशी ठेवले आणि त्यांना आमच्या दोघींच्या मधोमध घेतले. मुलगी झोपेतच आजीला बिलगली. पहाटे केव्हातरी सासूबाई स्पष्ट आवाजात म्हणाल्या, ‘‘पातेलं भरलं असंल बघ.’’ मी धावत जाऊन ते बदलले. इतक्या आनंदाने मी कोणतेही घरकाम केलेले नाही.

रविवारी, नाताळच्या संध्याकाळी, वीज आली. बफेलोत बर्फवादळाची अवस्था सलग ३७ तास टिकली होती, असे पुढे वाचले.

सोमवारी दुपारी माझे पती चालत घरी आले. वाहनबंदी अजून उठली नव्हती. मांडीपर्यंतच्या बर्फातून आल्याने त्यांच्या पायांची बोटे पांढुरकी आणि बधिर झाली होती. अशी बोटे चोळायची नसतात, कढत पाण्यातही घालायची नसतात. कोमट पाण्यात बुडवून ठेवायची असतात. मी नळाकडे वळले, तोच सासूबाईंनी मला थांबवले. त्यांनी ओट्यावरची दोन भरलेली पातेली उचलून शेगडीवर ठेवली, कोपर बुडवून ऊब पाहिली आणि ते पाणी मोठ्या टोपात ओतून लेकापुढे ठेवले.

‘‘घाल पाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पानी भरपूर हाय.’’