मामाचा टेम्पो आणि काळा धूर

गेल्या रविवारी सकाळी मामाचा फोन. "अरे, टेम्पो विकतोय. बयाणा घेतलाय. तुला सांगून ठेवतो." माझी झोपच उडाली!

मामा बदलापूरला राहतो, उल्हासनगरहून फर्निचरची भाडी मारतो. घर त्यावरच चालतं. पण महिनाभर गाडीत दमच नव्हता. रिकामी पळायची, मात्र दोन कपाटं नि एक सोफा चढवला की बदलापूरच्या उड्डाणपुलावर दुसरा गिअर, मागे काळा धूर आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, बोअर गेला, इंजिन खोला, ५० हजार. कुठून आणणार?

आता मला इंजिनातलं काय कळतं? आपला प्रांत जावाचा. पण बग कधी येतो नि कधी येत नाही हे आधी विचारायचं, एवढं नोकरीने शिकवलंय. रिकामी असताना बरी, लोडवर बोंब... म्हटलं, विकण्याआधी अजून एकाला दाखवू.

अंबरनाथच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी काही खोललंच नाही. नुसता धूर बघितला. "निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं, बोअरची शंका घेतली असती. काळा म्हणजे डिझेल पुरेसं आहे, हवा कमी पडतेय."

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. हवा कमी पडली की अर्धवट जळतं, काजळी होते. डिझेल फिल्टर मामाने आधीच बदलला होता. "तो चोंदला तर दम जातो, पण धूर असा काळा होत नाही," इति मिस्त्री. एअर फिल्टर काढून पाहिला, साफ.

मग त्यांनी टर्बोकडून इंटरकूलरला जाणाऱ्या रबरी होजखाली हात घातला. बोटं तेलकट, काळी. खालच्या अंगाला चार बोटं चीर! उभ्या गाडीत टर्बोचा दाब नसतो, म्हणून चीर मिटलेली. चढावर दाब आला की उघडायची, हवा बाहेर, आणि पंप आपला डिझेल मारतोच आहे. (आल्फ्रेड ब्यूशीने टर्बोचं पेटंट १९०५ साली घेतलं. इतकं जुनं असेल असं मला वाटलं नव्हतं.)

नवा होज, दोन क्लिपा, अर्धा तास. मिस्त्रींनी मजुरी इतकी कमी सांगितली की मामाने दोनदा विचारलं.

संध्याकाळी सामान भरून त्याच पुलावर गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मामा काही बोलला नाही, फक्त आरशात मागचा धूर बघत होता.

घरी आल्यावर त्याने गिऱ्हाइकाला फोन लावला. बयाण्यावर वरचे दोन हजार द्यावे लागले. मामी म्हणाली, "देऊन टाका हो."