वेग शेवटच्या गाडीचा

वाचकहो, बायपास शस्त्रक्रिया झालेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाने वाळवंटातील उघड्या खडकांवरून जीपने जावे काय, असे आपल्याला कोणी विचारले तर आपण काय उत्तर द्याल? मी चार वर्षे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत आले होते : नको. जिना नको, गर्दी नको, रात्रीचा प्रवास नको. माझे पती एस.टी.च्या कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झाले. साताऱ्याभोवतालचा एकही घाट त्यांना अपरिचित नाही. पण माझे ‘नको’ ऐकून ऐकून त्यांनी काही विचारणेच सोडून दिले, आणि त्यांच्या या गप्प बसण्यालाच मी पथ्यपालन समजत राहिले.

मुलगा अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला असतो. “एप्रिलमध्ये या, आपण जीपने मोआबला जाऊ. सोबत पाच-सहा गाड्यांचा गट असेल,” असे त्याने फोनवर सांगितले, तेव्हाही माझ्या ओठांवर तेच उत्तर होते. या वेळी मात्र हे स्वतः हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ट्रेडमिलवर चाचणी घेतली, औषधांच्या वेळा लिहून दिल्या, दिवसभरात पाणी किती प्यायचे तेही सांगितले आणि म्हणाले, “जा, पण शरीर काय सांगते ते लपवू नका.” या शेवटच्या वाक्याचे मोल आम्हाला पुढे कळायचे होते.

मोआब हे यूटा राज्यातील, कोलोरॅडो नदीकाठचे छोटे गाव. सॉल्ट लेक सिटीपासून सुमारे ३७५ किलोमीटर आग्नेयेला, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर. गावाच्या चहूबाजूंना तांबडे डोंगरकडे, उत्तरेला निसर्गनिर्मित कमानींचे आर्चेस राष्ट्रीय उद्यान, आणि पूर्वेला ला साल पर्वतावर एप्रिलमध्येही पांढरेशुभ्र बर्फ. १९५२ साली चार्ली स्टीन या भूवैज्ञानिकाला या परिसरात युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि खाणींच्या शोधात निघालेल्या माणसांनी दऱ्याखोऱ्यांतून वाटा पाडल्या. खाणी थंडावल्या, पण वाटा उरल्या. १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास येथे जीपचालकांचा मेळा भरतो.

गावालगतच्या सँड फ्लॅट्स या क्षेत्रातील ‘फिन्स अँड थिंग्ज’ ही वाट आमच्या गटाने निवडली होती. माशाच्या पाठीवर पर उभे असावेत, तशा वालुकाश्माच्या लांबट, अरुंद पाठी येथे एकीशेजारी एक उभ्या आहेत, आणि वाट त्यांच्यावरूनच चढते-उतरते. हा दगड म्हणजे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्या होत. त्याला ‘स्लिकरॉक’, म्हणजे निसरडा खडक, म्हणतात. कारण नालबंद घोड्यांचे पाय त्यावरून घसरत. रबरी टायर मात्र या खरबरीत दगडाला घट्ट धरून राहतात.

सकाळी सहा गाड्या आणि चौदा माणसे जमली. गटप्रमुख स्वतःच चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त इलेक्ट्रिशियन. आधी सर्वांनी टायरमधील हवा ३५ पौंडांवरून १८ वर आणली. टायर मऊ झाला की दगडावर अधिक पसरून बसतो आणि हादराही कमी देतो. मग त्यांनी गटाचे नियम सांगितले. प्रत्येकाने वळणावर मागची गाडी दिसेपर्यंत थांबायचे. कठीण जागी बाहेर उभे राहून एकाच माणसाने खुणा करायच्या, इतरांनी ओरडायचे नाही. कोणत्याही चढाला किंवा उताराला कोणीही ‘नको’ म्हणू शकतो, त्याला कारण विचारले जाणार नाही. आणि गटाचा वेग शेवटच्या गाडीचा असेल. आमची गाडी शेवटून दुसरी होती, आणि आमच्या मागे औषधे, अवजारे व उपग्रहावरून संदेश पाठवण्याचे साधन घेतलेली अनुभवी जोडप्याची गाडी. या वाटांवर मोबाइलच्या जाळ्याचा भरवसा धरता येत नाही.

पहिल्या चढावर बॉनेटपलीकडे केवळ आकाश दिसू लागले, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पुढे एक माणूस दोन्ही हातांनी मुलाला डावी-उजवी खूण करीत होता. हे पुटपुटले, “अगदी आपला कंडक्टर गाडी मागे घेताना म्हणतो तसे! येऊ द्या... येऊ द्या... बस्स!” चार वर्षांनी मी त्यांच्या आवाजात तो जुना हुरूप ऐकला.

येथे काही गोष्टी आपल्याला सांगून ठेवते. ज्येष्ठ व्यक्तीला पुढच्या आसनावर बसवावे, मागच्या चाकांवरच्या आसनाला धक्के अधिक बसतात. कमरेमागे लहान उशी ठेवावी, पट्टा घट्ट लावावा, हात ताठ न ठेवता कठडा सैलसर धरावा. हाडे ठिसूळ झाली असतील, मणक्याचा जुना अस्थिभंग असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर अशा वाटेला जाऊच नये. साधी डांबरी सडकही तेच तांबडे कडे दाखवते. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही गंभीर मानावा. औषधे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत, ती अंगाजवळच्या पिशवीत असावीत.

आता जे घडले ते सांगते. दीड-दोन तासांनी हे अचानक गप्प झाले. मी हाक मारली, तर उत्तर उशिरा आले. ओठ कोरडे, चेहरा उतरलेला. मुलाने रेडिओवर दोन शब्द सांगितले आणि पुढच्या चारही गाड्या... नव्हे, मागचीही, जागच्या जागी थांबल्या. यांना एका उंच खडकाच्या सावलीत आडवे केले, पाय उंचावर ठेवले. छातीत दुखते काय, दम लागतो काय, हात जड वाटतो काय, हे मागच्या गाडीतल्या बाईंनी शांतपणे विचारले. सर्वांचे उत्तर ‘नाही’ होते. एकाचेही ‘हो’ असते तर तत्काळ मदत मागवायची, हे त्यांनी आधीच ठरवले होते. रक्तदाब वरचा ९६ भरला. मग त्यांनी विचारले, “सकाळपासून पाणी किती प्यायलात?”

यांनी माझ्याकडे न पाहता मराठीत मला सांगितले, “चहानंतर काही नाही. पाणी प्यायलो की सारखे जावे लागते. इतक्या लोकांपुढे गाडी किती वेळा थांबवायची?”

वाचकहो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. पथ्याची प्रत्येक गोळी मी मोजली होती. ही एक गोष्ट मात्र मी कधी विचारली नव्हती. उतारवयात तहान मुळातच कमी जाणवते. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम येताच वाळून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी किती गेले ते कळत नाही. त्यात लघवीची किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर थोडी तूटही भोवते. आणि या सर्वांहून मोठे कारण संकोच. आपल्या घरातील वडीलधारी माणसे लग्नाला, देवदर्शनाला, अगदी गावातल्या गावात जातानाही पाणी पिणे टाळतात, ते याच संकोचापायी.

थोडेथोडे घोट आणि मीठ-साखरेचे पाणी घेत चाळीस मिनिटे गेली. रक्तदाब ११२ वर आला, चेहऱ्यावर रंग परतला. त्या चाळीस मिनिटांत एकानेही घड्याळ पाहिले नाही. कोणी सँडविच काढले, कोणी मुलांना जमिनीवरचा काळपट, खडबडीत मातीचा थर दाखवला. तो सजीव असतो. त्यात सूक्ष्म जीव आणि शेवाळी असतात, त्यावर एक पाऊल पडले तरी तो भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. म्हणून सारे खडकावरच बसले होते.

पुढे वाट एका साध्या रस्त्याला येऊन मिळते. तेथून परत फिरायचे की दुसऱ्या टप्प्याला जायचे, हे गटप्रमुखांनी यांनाच विचारले. मला नव्हे, मुलालाही नव्हे. माझ्या तोंडाशी आलेले ‘नको’ मी गिळले. हे थोडा वेळ थांबून म्हणाले, “आज येथेच पुरे. पण शेवटचा उतार मला बाहेर उभे राहून पाहायचा आहे.” जाणकार माणसाचा तो निर्णय होता, घाबरलेल्या माणसाचा नव्हे. सहाही गाड्यांनी तो टप्पा तेथेच संपवला. मुलगा शेवटच्या खडकावरून खाली येत होता, तेव्हा हे काठी टेकून गटप्रमुखांच्या शेजारी उभे होते.

आपण कोणा ज्येष्ठाची काळजी घेत असाल, तर सहलीला निघण्यापूर्वी डॉक्टरांना जसे विचारता तसेच त्यांनाही विचारा : शौचालयाची सोय वाटेत कोठे लागेल, ते आधी पाहून ठेवू का? किती वेळाने थांबू? हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याची मर्यादा असते, ती डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. सोबतच्या मंडळींना निघतानाच सांगा की गाडी दर तासाला थांबेल, कोणी मागो वा न मागो. मग कोणाला मागावेच लागणार नाही. आणि आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर त्रास झाल्यास तो पहिल्या मिनिटाला सांगा. दुसऱ्या तासाला सांगितल्याने सोबत्यांची अडचण वाढते, कमी होत नाही.

परतीच्या वाटेवर सॉल्ट लेक सिटी अजून दोन तास दूर होती. यांनी बाटलीतले पाणी संपवले, तोंड पुसले आणि पुढे झुकून मुलाला म्हणाले, “पुढचा पेट्रोल पंप दिसला की थांबव रे. मला जाऊन यायचे आहे.”