पेणकर की पिंकर?

"भाऊ, इथनं पेणला एसटी मिळंल ना?" ठाण्यात टेंभी नाक्याच्या सिनेगॉगपाशी एक बाई विचारत होत्या. मराठी घरातलं, कोकणी हेलाचं. जन्म मात्र इस्रायलमधल्या डिमोनाचा. मी डोंबिवलीहून कामासाठी आलो होतो. काम राहिलं बाजूला.

"आडनाव काय?" हा आपला ठेवणीतला प्रश्न मी विचारलाच. त्यांनी वही काढली आणि उजवीकडून डावीकडे चार अक्षरं लिहिली. पे, नून, कोफ, रेश. हिब्रूत एरवी स्वरचिन्हं लिहीत नाहीत. त्यामुळे हेच पेणकरही वाचता येतं, पिंकरही. पिंकर हे पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये आढळणारं आडनाव.

"लोक विचारतात, तुम्ही पोलंडच्या का? नि मग माझ्या रंगाकडं बघत राहतात!"

पोलंडातही गावावरून आडनावं पडतात. तार्नोव्हचा तो तार्नोव्हस्की. बाई असेल तर तार्नोव्हस्का. आपला 'कर' मात्र बाप्यालाही तोच, बाईलाही तोच.

बेने इस्रायलींना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, तो रायगडातल्या गावांनी दिला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. किहीमचे किहीमकर, राजपुरीचे राजपूरकर, अष्टमीचे अष्टमकर. बायबलमधली नावंसुद्धा कोकणी वळणाला लागली. अब्राहमचा अबाजी झाला, सॅम्युएलचा समाजी. पुढे बरीच घरं मुंबई-ठाण्याला आली. टेंभी नाक्यावरचं हे सिनेगॉग शार हाशामाईम, म्हणजे 'स्वर्गाचं दार', १८७९ सालचं.

शहरात अनेकांच्या नावापुढे फक्त वडील-आजोबांची नावं उरली आणि गाव गळलं. 'बूट पॉलिश' सिनेमातले जॉन चाचा आपल्याला डेव्हिड म्हणून माहीत. १९०९ साली ठाण्यातच जन्मलेल्या या नटाचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे अलिबागजवळचं चौल.

"पेणमध्ये आता कोण आहे तुमचं?"

"कुणीच नाही. आजोबा सांगायचे, तेवढंच."

निघताना त्यांनी वही पुढे केली. "मराठीत लिहून द्या. वाचता येतं थोडं, लिहिता नाही येत." हिब्रू अक्षरांखाली मी 'पेणकर' लिहिलं. त्यांनी पेन मागून घेतलं आणि 'पे'वरची मात्रा पुन्हा गिरवून चांगली जाड केली.