मुक्काम खुलताबाद

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं, की दौलताबादच्या किल्ल्यापुढे घाट लागतो. तो चढून आलं, की जुन्या वेशींचं खुलताबाद. शहरापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. वेरूळची घाई झालेली मंडळी भद्रा मारुतीला नारळ फोडतात आणि पुढे पळतात. खरं तर हे गाव मुक्कामाचं. अहो, इथला मारुतीसुद्धा आडवा झालाय! भद्रसेन राजाची रामभक्तीची गाणी ऐकता ऐकता त्याला भावसमाधी लागली, अशी आख्यायिका आहे. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला हजारो माणसं शहरातून पायी चालत त्याच्या दर्शनाला येतात.

गावाचं जुनं नाव रौजा. 1707 मध्ये औरंगजेबाचं दफन इथं झालं. त्याच्या मरणोत्तर ‘खुल्दमकान’ या पदवीवरून खुल्दाबाद आणि लोकांच्या तोंडी खुलताबाद. पण मला ओढ आहे ती त्याच्याही आधीच्या गोष्टीची. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. सरदार, विद्वान, सूफी, सगळ्यांना चंबूगबाळं आवरून निघावं लागलं. वर्गात हा धडा शिकवताना मुलं सुलतानाच्या लहरीपणाला हसतात. मला मात्र वाटतं, त्या घरांतल्या बायकांनी गाठोड्यात काय बांधलं असेल? पुढे काही वर्षांनी परतायची मुभा मिळाली. पण सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि अमीर खुसरोंचे स्नेही कवी अमीर हसन हे दोघं इथलेच झाले. दोघांच्याही कबरी खुलताबादेतच आहेत.

गाठोड्याच्या त्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर मला याच गावात मिळालं. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याला पावसानं झोडपलं, तेव्हाची गोष्ट. नवरात्र होतं. श्रीवर्धनहून वन्सं आल्या होत्या, म्हणून आम्ही सगळे म्हैसमाळच्या गिरिजादेवीला निघालो. खुलताबादेत पोचतो तो पुढचं काही दिसेना. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, आता वर नको अन् खालीबी नको.” एका ओळखीच्या घरी एक खोली मिळाली. सहा माणसं, दोन सतरंज्या आणि वीज गेलेली. पैठणला जायकवाडीचं पाणी सोडल्यामुळे गोदाकाठच्या लोकांना हलवत होते. त्या बातम्या मोबाईलवर येत होत्या, तोवर मोबाईलही मान टाकून बसला.

आमचे हे दहाव्या मिनिटाला घोरायला लागले. सासूबाई म्हणाल्या, “गावात मारुती एक होता, आता दोन झाले!” मुलं खिदळली. एवढ्यात पत्र्यावर जोराची सर आली आणि वन्संनी माझा हात घट्ट धरला.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. त्या दिवसाबद्दल वन्संनी आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं, “आम्ही सुखरूप आहोत.” त्या रात्री अंधारात पहिल्यांदा सगळं बोलल्या. वाऱ्याच्या आधीच त्यांना शाळेत हलवलं होतं. करोनाचे दिवस. माणसामाणसांत अंतर ठेवा, असं बजावलेलं. पण छप्पर इतकं गळायला लागलं, की कोरडा कोपरा एकच उरला आणि अख्खा वर्ग त्या कोपऱ्यात! त्यांच्या सासूबाईंनी घराची कागदपत्रं विसरली, चष्मा विसरला. पण आठच दिवसांपूर्वी घातलेल्या लोणच्याची बरणी लुगड्यात गुंडाळून कडेवर आणली होती. रात्री नुसत्या भातावर सगळ्यांना तेच वाढलं. “मुरलं नव्हतं गं अजून,” असं म्हणत त्या प्रत्येकाची माफी मागत होत्या.

आम्ही पोट धरून हसलो. मग वन्सं हळूच म्हणाल्या, “परत गेलो तर घरावर छप्पर नव्हतं, आई. वाडीतल्या सुपाऱ्या सगळ्या आडव्या. दोन वर्षं तुला खोटंच सांगत होते.”

कुणी बोलेना. सासूबाईंनी अंधारातच लेकीला चाचपलं, पदर तिच्या अंगावर ओढला आणि विचारलं, “बरणी फुटली नाही ना?”

त्यावर वन्सं हसल्या आणि रडल्याही. घोरणं मघाशीच थांबलं होतं. ह्यांनीही सगळं ऐकलं होतं तर!

सकाळी ऊन पडलं. बाजारातून ताटाएवढा खाजा आणला आणि एकाच खाजाचे सहा तुकडे करून चहाबरोबर खाल्ले.

मैत्रिणींनो, पाऊस सरल्यावर इथला डोंगर हिरवागार असतो आणि वाटेवर दौलताबादची सीताफळं मिळतात. दर्गे पाहा, शूलिभंजनला जा. एकनाथांनी तिथं तप केलं, असं सांगतात. भर पावसात निघायचंच झालं, तर पिशवीत बॅटरी, औषधं, कोरडे कपडे आणि घरच्या कागदांच्या प्रती असू द्या. आणि हो, लोणच्याची छोटी बाटलीही ठेवा. कागद आपल्यापुरते असतात. लोणचं मात्र शेजारच्या सतरंजीपर्यंत पोचतं.