तुटलेल्या तारेचं श्रेय

प्रिय वसुधाताई,

विद्यालयाच्या वार्षिक समारंभासाठी लिहिलेलं तुमचं भाषण वाचलं. एक परिच्छेद सोडला तर त्यात बदलावंसं काही नाही. पण नेमका तोच परिच्छेद भाषणाचा कणा आहे, म्हणून हे लांबलेलं पत्र. इत्झाक पर्लमन न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये वाजवत असताना सुरुवातीलाच त्यांच्या व्हायोलिनची एक तार तुटली आणि तरीही त्यांनी संपूर्ण रचना उरलेल्या तीन तारांवर वाजवली, ही ती गोष्ट. तारीखही ठरलेली असते : १८ नोव्हेंबर १९९५. ही गोष्ट जगभर पसरली ती २००१ साली ह्यूस्टनच्या एका दैनिकात आलेल्या लेखातून, म्हणजे सांगितलेल्या तारखेनंतर पाच वर्षांनी. न्यूयॉर्कमध्ये एवढ्या मोठ्या कलावंताच्या मैफलीत असं काही घडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी छापून आल्यावाचून राहिलं नसतं. पण त्या वेळच्या वृत्तपत्रांत तिचा मागमूस नाही. गोष्ट स्वतःही आपल्याला हवं ते सांगत नाही. रचना कोणती होती? तुटली ती तार कोणती? व्हायोलिन हाती धरलेला माणूस हे दोन प्रश्न सर्वांत आधी विचारेल. सर्वांत वरची तार गेली, तर शेजारच्या तारेवर बोटं वर वर चढवून तिचे बरेचसे स्वर काढता येतात. सर्वांत खालची गेली, तर तिचे खालचे स्वर त्या वाद्यातून निघणारच नाहीत, मग वाजवणारा कितीही मोठा असो. शिवाय एक तार सुटली की घोडीवरचा ताण बदलतो आणि उरलेल्या तारांचे सूरही जागचे हलतात.

तुम्ही म्हणाल, गोष्ट खरी नसेना का, तात्पर्य तर चांगलं आहे! माझी खरी हरकत त्या तात्पर्यालाच आहे. रंगमंचावर वाद्य दगा देतं तेव्हा कलावंत एकटा, मनोबलाच्या जोरावर मैफल तारून नेतो, असं ही गोष्ट मुलांना शिकवते. प्रत्यक्षात घडतं ते जवळजवळ उलट. वाद्य कधी ना कधी बिघडणारच, हे प्रत्येक संगीतपरंपरेला ठाऊक असतं, आणि त्यासाठी तिने कुठे तरी शिल्लक राखून ठेवलेली असते. कुठे ती शिल्लक शेजारी बसलेल्या माणसांत आणि जादा वाद्यांत असते, तर कुठे संगीताच्या घडणीतच. तीन तारांच्या गोष्टीत ही शिल्लक दिसतच नाही. आणि तिच्यात पर्लमन यांचा पोलिओ, कुबड्या, पायांना लावलेल्या आधाराच्या पट्ट्या यांचं वर्णन तारेच्या आधी येतं, तेही मला खटकतं. लहानपणी झालेल्या पोलिओचा उपयोग इथे श्रोत्यांचे डोळे ओले करण्यापुरता होतो. खुद्द पर्लमन मात्र सभागृहांत अपंगांना सहज ये-जा करता यावी म्हणून वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. त्यांच्याबद्दल मुलांना सांगायचंच असेल, तर हे सांगण्याजोगं आहे.

आता एक खरी, भरपूर साक्षी असलेली घटना घ्या. २६ जुलै १९८६, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं टँगलवुड, बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा. लेनर्ड बर्नस्टाइन स्वतःचीच ‘सेरेनेड’ ही रचना संचालित करत होते आणि १४ वर्षांची मिदोरी व्हायोलिन वाजवत होती. पाचव्या भागात तिच्या व्हायोलिनची ई तार, म्हणजे सर्वांत वरची आणि सर्वांत बारीक तार, तुटली. तिने लगेच कॉन्सर्टमास्टरचं, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या प्रमुख व्हायोलिनवादकाचं, स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन हातात घेतलं आणि वाजवणं चालू ठेवलं. थोड्याच वेळात त्याचीही ई तार गेली. तेव्हा सहायक कॉन्सर्टमास्टरचं ग्वादान्यीनी तिच्याकडे आलं आणि त्यावर तिने रचना पूर्ण केली. दोन दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. बातमीत चिमुकल्या मुलीचा विजय होता आणि तो खराच होता. पण वाद्यं कशी फिरली, तेही बघा. एकल वादकाची तार तुटली तर त्याने कॉन्सर्टमास्टरचं वाद्य घ्यायचं, कॉन्सर्टमास्टरने शेजाऱ्याचं, आणि तुटलेलं वाद्य मागच्या रांगेत जायचं, तिथला वादक नवी तार चढवेल, हा ऑर्केस्ट्रातला जुना रिवाज आहे. त्या संध्याकाळी कुणी काही विचारलं नाही, कुणी परवानगी मागितली नाही. ज्याच्या हातून लाखमोलाचं वाद्य क्षणात निघून गेलं, त्याने त्याबद्दल टाळ्यांची अपेक्षाही केली नाही. लिहिलेल्या संगीतात थांबायला जागा नसते. सत्तर-ऐंशी माणसं एकाच कागदावरून पुढे चाललेली असतात. म्हणून शिल्लक ठेवायची ती माणसांत आणि वस्तूंत, कारण रचनेत ती ठेवताच येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रिवाज सगळ्यांसाठी होता, पण दुसरी एखादी मुलगी त्या जागी घाबरून थांबली असती. मग श्रेय मिदोरीचं नाही तर कुणाचं? मान्य. फक्त तिच्या शांतपणात काय काय होतं, ते आपण उलगडून पाहायला हवं. तिचं स्वतःचं व्हायोलिन आकाराने थोडं लहान होतं, मागून घेतलेलं मोठं. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे वाद्य बदललं की बोटांमधली अंतरं बदलतात आणि प्रत्येक स्वर कानाने नव्याने शोधावा लागतो. ते काम मनोधैर्याने होत नाही, कानाने होतं. आणि तसा कान वर्षानुवर्षांच्या तालमीतून येतो. बोटाच्या सवयीपेक्षा ऐकण्यावर अधिक भर असलेल्या शिक्षणाने तिला वाचवलं, असं मी म्हणेन. ‘हिंमत ठेवा’ एवढंच ऐकलेल्या मुलाच्या हाती यातलं काहीच लागत नाही.

आपल्या संगीतात शिल्लक कुठे ठेवली आहे, हे पाहिलं की फरक स्पष्ट होतो. गवयाच्या मागे बहुधा दोन तंबोरे असतात. त्यामागे भरदारपणाचा विचार आहेच, पण एकाची तार तुटली किंवा उतरली तर षड्ज दुसऱ्यावर टिकून राहतो, हाही लाभ आहे. सतारीवर बाजाची तार आडवी ओढून मींड काढायची असते, एकाच पडद्यावरून तीन-चार स्वर वर न्यायचे असतात. अशी तार कधी तुटणारच नाही, असं कोण म्हणेल? ती तुटली की सतारिया तिथेच बैठकीत नवी चढवतो, आणि नवी तार पहिली काही मिनिटं सतत उतरत राहते, म्हणून वाजवता वाजवता पुन्हा पुन्हा खुंटी पिळतो. हे सगळं होईपर्यंत तबलजी लग्गी वाजवेल, एखादा कायदा मांडेल, नाहीतर सगळेच थांबतील आणि श्रोते पानाचा डबा उघडतील. राग त्यामुळे मोडत नाही, कारण आवर्तन पुन्हा समेवर येतच असतं आणि कुठूनही उचलता येतं. तबल्याची पुडी मात्र फाटली तर बैठकीत बदलणं अशक्य, म्हणून तबलजी पट्टीनुसार एकाहून अधिक तबले बरोबर बाळगतो, हातोडी मांडीशी ठेवतो, आणि गाणं चालू असतानाच गट्टे ठोकून सूर सावरतो. डिसेंबरातल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या उघड्या मांडवात, रात्र चढेल तशी थंडी वाढते तेव्हा, ही ठोकाठोक जवळजवळ गाण्याचाच भाग होऊन बसते. पखवाजाचं उदाहरण तर मला सर्वांत आवडतं. त्याच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक लावतात. म्हणजे ते वाद्य मुळातच अपुरं आहे आणि प्रत्येक बैठकीला ते नव्याने पुरं करायचं, हे आधीपासूनच मान्य आहे. असं वाद्य बिघडलं तर कुणाला धक्का बसेल?

हीच मोकळीक ब्लूजमध्येही आहे. १९८५ साली इलिनॉयमधल्या ‘फार्म एड’ या शेतकऱ्यांच्या मदतीसाठीच्या पहिल्या कार्यक्रमात बी. बी. किंग यांच्या गिटारची तार तुटली. त्यांनी गाणं थांबवलं नाही. गाता गाता नवी तार ओवली, पिळली, सुरात मिळवली आणि पुन्हा वाजवू लागले. गायक आणि वादक एकच असल्यामुळे हात गुंतले तरी गळा मोकळा होता, आणि पाठीमागचा बँड तीच ठरलेली आवर्तनं फिरवत राहिला. चतुराई त्यांची खरीच. पण ती चालून गेली, कारण गाण्याच्या घडणीतच वेळ काढायला जागा होती. त्याच ठिकाणी चार पानांची लिहिलेली रचना असती, तर त्यांनाही शेजाऱ्याकडे हात पसरावा लागला असता.

तुमच्या भाषणात दुसरं उदाहरण आहे ते जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांच्या जर्मनीतल्या कोलोनच्या मैफलीचं, आणि ते माझ्या मताविरुद्ध सर्वांत जोरकस आहे. २४ जानेवारी १९७५ला तिथल्या ऑपेरा हाउसमध्ये त्यांना मागितलेला मोठा बोझेंडॉर्फर पियानो मिळाला नाही. त्याच कंपनीचा एक लहान, सरावाचा पियानो मिळाला : वरचे सूर किरटे, खर्ज पोकळ, पेडल कामातून गेलेले. त्या अडचणीतूनच मधल्या सप्तकात घुटमळणारं, डाव्या हाताने तेच तेच फिरवत राहणारं संगीत निघालं, आणि त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण पियानोच्या एकल तबकड्यांत सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक ठरलं. मग बिघडलेलं वाद्यच कलेला जन्म देतं, हे म्हणणं खरं नाही का? माझं उत्तर असं. एक तर संध्याकाळपासून तंत्रज्ञ त्या पियानोवर बसलेले होते. तो वाजवण्याजोगा झाला तो त्यांच्या कामामुळे. दुसरं, जॅरेट पूर्णपणे उत्स्फूर्त वाजवत होते. कुठला स्वर घ्यायचा आणि कुठला टाळायचा, हे त्यांच्या हातात होतं. त्याच पियानोवर बीथोव्हनचा सोनाटा वाजवायचा असता, तर किरटे सूर टाळता आले नसते. आणि तिसरं म्हणजे, ध्वनिमुद्रक तिथे आधीच हजर होते, म्हणून ती रात्र आपल्यापर्यंत आली. खराब पियानोमुळे वाया गेलेल्या रात्रींची तबकडी कुणी काढत नाही. एका कोलोनवरून नियम बांधायचा, तर त्या न काढलेल्या तबकड्याही हिशेबात धरायला हव्यात.

बिघाडातून काही नवं निघाल्याच्या आणखी दोन गोष्टी आहेत. जॅझ वादक डिझी गिलेस्पींच्या वाकड्या ट्रम्पेटबद्दल थोडक्यात, कारण ते मला गमतीपेक्षा मोठं वाटत नाही. १९५३ साली एका समारंभात कुणी तरी त्यांच्या ट्रम्पेटवर पडलं, तोंड वर वळलं, त्यांना तो आवाज आवडला आणि पुढे तशीच ट्रम्पेट त्यांनी मुद्दाम बनवून घेतली. ‘द हू’ या रॉक बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांची गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा. १९६४ साली लंडनजवळच्या हॅरोमधल्या एका टॅव्हर्नमध्ये छत बुटकं असल्यामुळे त्यांच्या गिटारचं टोक आपटून मोडलं. श्रोते हसले, तेव्हा चिडून त्यांनी उरलेली गिटारही फोडली. आणि लगेच बारा तारांची दुसरी गिटार उचलून कार्यक्रम पुढे चालू ठेवला! वाद्य फोडण्याच्या त्या गाजलेल्या प्रथेच्या उगमाशीसुद्धा शेजारी एक जादा वाद्य उभं होतं.

आता समारंभाचं. पर्लमनच्या जागी टँगलवुडची हकिकत घालावी, आणि सांगताना आपलं वाद्य काढून देणाऱ्या दोघांवर एक-दोन वाक्यं जास्त खर्च करावीत, असं सुचवतो. मुलांच्या समूहवादनाबद्दल मला त्याहून अधिक काळजी वाटते. कार्यक्रमपत्रिकेत ते ध्वनिमुद्रित ट्रॅकवर वाजवायचं ठरलेलं दिसतं. ट्रॅक ठरल्या वेळी सुरू होतो आणि ठरल्या वेळी संपतो. तो कुणासाठी थांबत नाही, मागे फिरत नाही. ऑर्केस्ट्रातले शेजारी मुलांना लाभलेले नाहीत, आणि आपल्या संगीताने दिलेली मोकळीक आपणच काढून घेतो आहोत. ट्रॅकऐवजी वरच्या वर्गातला एखादा तबल्याचा विद्यार्थी आणि एक हार्मोनियम बसवता येईल का, ते पाहावं. एखाद्या मुलीची तार गेली, तर तो दोन आवर्तनं जास्त वाजवील आणि तेवढ्यात बाई तिच्या हातात दुसरं व्हायोलिन देतील.

आपला स्नेहांकित,
श्रीधर